वर गेलेला हात

माझा हात वर गेला. कोपर बाकाला टेकवून, भीतभीत वगैरे नव्हे. चांगला खांद्यापासून ताठ, चौथीतल्या पोरीसारखा. पेन अजून बोटांतच होतं. आठवी ‘ब’चा वर्ग, भौतिकशास्त्राचा तास, सकाळचे सव्वादहा. पुढे फळ्यापाशी इलारी नावाचा एक प्रशिक्षणार्थी, मध्ये चोवीस पोरं आणि मागे शेवटच्या बाकावर मी. मी म्हणजे मार्जुक्का, वय वर्षं अठ्ठावन्न, शिक्षक व्हायला आलेल्यांना शिकवणारी. आमच्या सराव-शाळेत मागे बसणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. हसायचं नाही, मान हलवायची नाही, पोरांनी वळून पाहिलंच तर खिडकीबाहेर बघायचं. हा नियम मीच सगळ्यांना घोटून घोटून शिकवते. सत्तावीस वर्षांत त्या बाकावर मी कधी शिंकलेसुद्धा नाही. आणि आज हात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पटकन खाली घ्यावा, केस सारखे केल्याचं नाटक करावं असं मनात आलं, पण तेवढ्यात इलारीनं पाहिलं. आणि जसं काही मी रोजच हात वर करते अशा थाटात तो म्हणाला, “हं, मार्जुक्का?”

चोवीस माना वळल्या. खिडकीबाहेर बघायची सोय राहिली नाही.

खरं तर त्या क्षणाच्या जरा आधीच मी त्याला नापास करून टाकलं होतं. मनातल्या मनात, पण पक्कं. तो दोन वर्षांपासून शहरातली ट्राम चालवतो. दुपारची पाळी, सकाळी विद्यापीठ. गेल्या शरदात तो माझ्याकडे अंतिम सरावाला आला तेव्हा मी त्याला नापास केलं होतं आणि शेऱ्यात लिहिलं होतं, ‘वर्गावर पकड नाही. स्वतः बोलतो कमी. प्रश्न विचारून गप्प उभा राहतो.’ आता आमच्या या उत्तरेकडच्या थंड देशातली माणसं काही बडबडी नाहीत. आमच्या जिन्यात शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजली तर आपण आपल्या दाराआड थांबतो, तो खाली जाईपर्यंत. पण इलारीचं गप्प बसणं आम्हालासुद्धा जड जायचं. प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. दहा सेकंद, वीस, एकदा तर मी घड्याळ लावून पाहिलं, त्रेचाळीस.  पोरं खाली मान घालून बसलेली, आणि हा आपला खडू हातात घेऊन उभा, थांब्यावर ट्रामची दारं उघडून ठेवल्यासारखा. अंतिम सराव आमच्याकडे दोनदाच देता येतो. हा दुसरा. आजच्या तासावर मी पुन्हा ‘नाही’ लिहिलं की संपलं, मग ट्राम आहेच. त्याला हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आठवी ‘ब’लाही बहुतेक माहीत होतं, कारण पोरं आज विचित्र शहाण्यासारखी वागत होती.

माझ्यासमोर पत्रक होतं. अकरा रकाने. हे पत्रक मीच बनवलंय, आणि आता देशातल्या आणखी दोन सराव-शाळांत ते वापरतात, त्याचा मला अभिमान आहे, का नसावा? आवाज, फळा, वेळेचं भान, आखणी, सूचनांची स्पष्टता, वर्गावर पकड, वगैरे. चांगला शिक्षक कशानं होतो ते मी अकरा रकान्यांत बसवून दाखवलं. लोक म्हणायचे, ते असं मोजता येत नाही. मी म्हणायचे, येतं, तुम्हाला मोजायचं नाही म्हणून. इलारीच्या आखणीत आज ‘उष्णतेचं वहन’ होतं: पहिली दहा मिनिटं लाकडी आणि लोखंडी चमचा, मग व्याख्या, मग तीन उदाहरणं, मग सोडवायचे कागद. सगळं नीट चाललं होतं. मग पिन्या नावाच्या मुलीनं विचारलं की सॉनात, म्हणजे तापल्या दगडांच्या आमच्या लाकडी वाफ-खोलीत, बाकावर बसलं तर काही होत नाही, पण बाकातल्या एका खिळ्याला मांडी टेकली तर चटका का बसतो. उत्तम प्रश्न, अगदी आखणीतच बसणारा. इलारीनं तो घेतला, सोडवून घेतला, पोरं हसली, पिन्यानं आपली मांडी कशी पोळली त्याचं सविस्तर वर्णन केलं. आणि तिथं गाडी रुळावरून उतरली. कारण इलारी म्हणाला, “सॉनाचंच निघालंय तर एक विचारतो. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफ येते आणि क्षणात आपलं अंग ओलं होतं. ते पाणी कुठलं?” आणि थांबला. आखणीत हे नव्हतं. मी ‘वेळेचं भान’ या रकान्यात उणे टाकलं आणि ‘आखणी’तही, मग आणखी दोन. एक एक करून उणे टाकताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. शरदातला माझा शेरा बरोबर ठरत होता.

तो थांबला होता. मी सवयीनं मोजायला लागले. सहा, सात. आणि मोजता मोजता प्रश्न माझ्यात शिरला. म्हणजे काय, कुठलं म्हणजे? घाम. सॉनात माणूस घामानं निथळतो, हे आमच्याकडे कुकुल्या बाळालाही माहीत असतं. तीन महिन्यांची असताना आईनं मला टबात घालून सॉनात नेलं होतं. अकरा, बारा. कुणीच कसं बोलत नाही? एवढं सोपं उत्तर, आणि चोवीस दगड बसलेत. घाम रे, घाम. जिभेवर आलं होतं. सतरा, अठरा. आणि मग तो हात.

“घाम,” मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला, थोडा चिरका. इलारीनं मान डोलवली नाही, भुवईही हलवली नाही. फळ्याकडे वळला आणि लिहिलं, ‘मार्जुक्का: घाम.’ मग पोरांकडे पाहिलं. “अजून?” आता मात्र हात भराभर वर आले, म्हातारीनं पाण्यात उडी मारल्यावर काठावरची पोरं मागे राहत नाहीत तसे. पिन्या म्हणाली, दोन्ही असेल. एलिस नावाचा उंच, सदा टोपी घालून बसणारा मुलगा म्हणाला, “वाफेचंच पाणी असणार. मार्जुक्का चुकतेय.” असं सरळ. आमच्याकडे पोरं आम्हाला नावानंच हाक मारतात आणि अरे-तुरेच करतात, त्याचं काही नाही. पण ‘चुकतेय’ हा शब्द मला माझ्या नावापुढे त्या इमारतीत कुणी लावला नव्हता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इलारीनं त्याचंही नाव लिहिलं, माझ्या खाली. हात वर करायला सांगून मोजले: घामाच्या बाजूचे एकोणीस, मला धरून. एकोणीस जण आपल्या बाजूला आहेत म्हटल्यावर मला एवढा धीर आला की माझं मलाच हसू आलं.

“बरं,” इलारी म्हणाला. “कोण बरोबर ते मतांवर ठरत नाही. कसं कळेल?”

आणि पुन्हा थांबला. पण आता ते थांबणं वेगळं होतं, किंवा मी वेगळ्या बाजूला बसले होते. शरदात मी त्या शांततेकडे बाहेरून बघत होते. आत बसल्यावर कळलं की तिथं शांतता नसतेच, नुसता गोंगाट असतो. माझं डोकं पळत होतं: मीठ, घाम खारट असतो, चाटून बघावं? तेवढ्यात पुढून कुणीतरी तेच म्हणालं आणि ‘शी!’ झालं. मग पिन्या म्हणाली, “घाम येत नाही अशी वस्तू आत न्यायची. बाटली. लिंबूपाण्याची थंड बाटली.” एलिस लगेच म्हणाला, “पण थंड बाटली कुठेही ओली होते. आपण काही थंड नसतो.”  इलारी खिडकीला टेकून उभा, प्रत्येक बोलणाऱ्याकडे असा बघत होता की जणू ट्रामला पुढे थांबाच नाही. मग एलिसनंच टोपी मागे सरकवली. “आपल्या अंगाएवढं कोमट पाणी भरायचं बाटलीत. सदतीस. मग नेऊन ठेवायची आणि पळी टाकायची.” तो आपल्याच बोलण्यानं दचकल्यासारखा दिसला. आणि घंटा झाली.

व्याख्या राहिली, तीन उदाहरणं राहिली, कागद वाटायचे राहिले. उत्तर तर सांगितलंच नाही त्यानं. “गुरुवार आहे,” एवढंच म्हणाला, “बऱ्याच जणांकडे आज सॉना असेल.” पोरं कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबती, भांडत भांडत अंगणात गेली. माझ्या पत्रकावर चार उणे होते आणि बाकीचे सात रकाने कोरे. ते मी लिहायलाच विसरले होते.

तासावरचं बोलणं आमच्याकडे लगेच होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. हेरिंग मासा मुरवतात तसं रात्रभर मुरू द्यायचं, म्हणजे रागाचा आणि लाडाचा दोन्हींचा वास जातो. घरी जाताना रस्त्यावरचं बर्फ वितळलेलं होतं आणि हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून टाकलेली खडी बुटांखाली करकरत होती. साडेचारचं ऊन, तेही मार्चमधलं, डोळ्यांवर येणारं. ट्राम समोरून गेली. आत इलारी होता की दुसराच कुणी, काचेवरच्या उन्हानं दिसलं नाही. मला ताउनो आठवला. ताउनो माझा मार्गदर्शक, मी चोवीस वर्षांची असताना माझ्या अंतिम तासाला शेवटच्या बाकावर बसलेला, गुडघ्यावर वही. मी तेव्हा काय सुंदर तास घेतला होता! फळा असा की पुसायचा जीव होऊ नये. प्रश्न आला की उत्तर तयार. पोरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर देत होते. दुसऱ्या दिवशी ताउनो म्हणाला, “तुझ्या तासाला मला एकदाही डुलकी आली नाही, मार्जुक्का. पण एकदाही काही शोधावंसंही वाटलं नाही.” त्यानं मला पास केलं, चांगल्या शेऱ्यानं. मी बस-थांब्यावर बसून दालचिनीचे दोन पाव रागारागानं खाल्ले. मास्तराला काय शोधायचंय, त्याला सगळं येतं, असं मला तेव्हा वाटलं. पुढे पत्रक बनवताना ताउनोच्या वाक्याला मी रकाना ठेवला नाही. विसरून नव्हे. ठरवून.

आमच्या इमारतीच्या तळघरात सॉना आहे, आमची पाळी गुरुवारी सहा ते सात. राइमो, माझा नवरा, टॉवेल घेऊन दारात उभा राहिला आणि स्वयंपाकघरात मी ताप मोजायचं थर्मामीटर बाटलीत बुडवून बसलेली.

“बाळाचं दूध गरम करतेयस का?”

“पाणी आहे. सदतीस हवंय.”

“बाटलीत बिअर घाल, चार अंश. मी स्वतः मोजून देतो.”

“तू चल पुढे.”

“अगं पण बाटली कशाला? तिलाही सॉना हवाय?”

“तिलाच हवाय,” मी म्हणाले. राइमोनं लग्नाच्या पस्तीस वर्षांत कधी जास्त विचारलेलं नाही, म्हणून ती पस्तीस झाली.

वरच्या बाकावर आम्ही दोघं आणि मध्ये बाटली. लाकूड तापलेलं, कोरडं. माझा दंड कोरडा. बाटली पुसून ठेवली होती, तीही कोरडी. मी राइमोला म्हणाले, टाक. त्यानं पळीभर पाणी दगडांवर टाकलं, चर्र झालं आणि ती लाट आली, आधी कानांवर, मग खांद्यांवर, नेहमीसारखी. मी डोळे मिटले नाहीत. बाटलीवर आधी धुकं आलं. मग धुक्यात ठिपके झाले, ठिपके फुगले, एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि दोघं मिळून खाली घसरले. माझ्या दंडावरही त्याच क्षणी अगदी तसेच ठिपके. लाकूड मात्र कोरडंच होतं. ते तापलेलं, त्याला पाणी धरत नव्हतं. वाफ थंड जागा शोधत होती आणि त्या खोलीत सगळ्यांत थंड आम्ही तिघं होतो, मी, राइमो आणि बाटली. मी हसायला लागले. हसता हसता ठसका लागला.

“काय झालं तुला?”

“बाटलीला घाम आला.”

“बाटलीला कुठून घाम येणार?”

“तेच तर.”

राइमो बाटलीकडे बघत राहिला, मग आपल्या पोटाकडे. “म्हणजे हे माझं नाही?” त्यानं विचारलं, थोडं दुखावून. “नंतरचं तुझं,” मी म्हणाले, “हे पहिलं नाही.” आणखी टाक म्हटलं. त्यानं टाकलं. पुन्हा तेच, तितकंच चोख. मी एकतीस वर्षं वर्गात थंड पेल्याबाहेरचे थेंब शिकवलेत. अठ्ठावन्न वर्षं सॉनाच्या बाकावर बसलेय. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, एकमेकींशी ओळख नसलेल्या शेजारणींसारख्या, कडी वाजली की दाराआड थांबणाऱ्या. तळ्याकाठच्या आमच्या जुन्या सॉनात आई माझी पाठ पुसायची आणि म्हणायची, “गाळ घाम, पोरी, सगळं वाईट बाहेर पडतं.” खाली दगडांपाशी बाबा पळी घेऊन बसलेले, “अजून एक?” विचारणारे. पाठीवरून ओघळणारं ते पाणी बाबांनी टाकलेलं होतं. दगडांवरून उठून ते माझ्याकडे आलेलं. हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं आणि इतका आनंद होत होता की तो कुणाला सांगावा ते सुचेना, म्हणून मी राइमोच्या ओल्या गुडघ्यावर चापट मारली. तो म्हणाला, पुढच्या गुरुवारी एक बाटली त्याचीही, पण चार अंशांची.

सकाळी आठ वाजता इलारी माझ्या खोलीत आला तेव्हा त्याच्या अंगात ट्रामचा गणवेश होता. शुक्रवारी पाळी लवकर असते. आमच्याकडे रीत अशी की शिकणाऱ्यानं आधी बोलायचं, मार्गदर्शकानं शेवटी. तो बसला, तळहात मांडीवर ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं. आखणी निम्मीही झाली नाही. व्याख्या दिली नाही. विषय सोडून गेलो. तेरा मिनिटं एका प्रश्नावर घालवली आणि उत्तर न देता तास संपवला. पोरं गोंधळात घरी गेली. मागे बसलेल्या मार्गदर्शकाला मध्ये ओढलं, ते नियमात बसत नाही. “मला ठाऊक आहे तू काय लिहिणार,” तो म्हणाला. “माझं भांडण नाही. फक्त तो तास मला आवडला. एवढंच सांगायचं होतं.” तो टोपीवरचा बिल्ला चाचपत होता.

“मध्ये तू ओढलं नाहीस,” मी म्हणाले. “मी हात वर केला.”

“हो, पण मी विचारायला नको होतं.”

“काल मी बाटली नेली होती. सदतीस अंशांची.”

त्यानं मान वर केली.

“ओली झाली,” मी म्हणाले.

“झाली ना!” तो म्हणाला आणि चेहरा असा उजळला की तो आपलं काय व्हायचंय ते क्षणभर विसरला. “किती वेळात? मी नेली तेव्हा चार-पाच सेकंदांत झाली होती. तू कुठे ठेवली होतीस, वरच्या बाकावर?”

“वरच्या. लगेच झाली.” मग मला राहवलं नाही. “म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं. मी चुकीचं बोलले तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस? माझं नाव फळ्यावर तसंच ठेवलंस, अख्ख्या वर्गासमोर. मी तुझी परीक्षक आहे, इलारी.”

तो विचार करू लागला. मी थांबले. मोजलं नाही.

“तू अजून विचार करत होतीस,” तो म्हणाला.

मी पत्रक ओढून घेतलं. चार उणे तसेच ठेवले. ते खरे होते. सात रकान्यांवर आडवी रेघ मारली. खाली ‘निर्णय’ लिहिलेलं असतं, तिथं ‘उत्तीर्ण’ लिहिलं. त्याखाली कारणासाठी एकच ओळ असते, मीच तेवढी ठेवलेली. तिथं लिहिलं: ‘याच्या वर्गात मी चुकले आणि घरी जाऊन शोधलं.’ ताउनो असता तर त्यालाही पाठवलं असतं. इलारी समोरून उलटी अक्षरं वाचत होता, ओठ हलवत, एकदा, मग पुन्हा एकदा. डोळे भरून आले तसे त्यानं ते बाहीनं पुसले, अजिबात न लाजता.

“विद्यापीठात चालेल का असं कारण?”

“नाही चाललं तर तिकडच्यांना माझ्याकडे पाठव. गुरुवारी, सहा वाजता.”

तो हसला. उठून उभा राहिला, टोपी घातली, हात पुढे केला, मग परत मागे घेतला आणि कागदाकडे बोट दाखवलं.

“सही,” तो म्हणाला. “सही राहिलीय.”

मी सही केली.